शंखयुक्त शिलास्तरांचा कालनिर्णय

पोथीच्या अखेरीस पुष्पिका असली म्हणजे तिच्या काळाचा वाद मिटतो. नसली म्हणजे अक्षरवटिकेवरून अनुमान करावें लागतें. शंखशिंपल्यांच्या शिलास्तरांचेंहि तसेंच आहे. सिंदेवाहीभोवतालचा खडक बहुतांशीं अतिप्राचीन नाइस जातीचा असल्यामुळें त्यांत शंख मिळावयाचे नाहींत. परंतु याच चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगास वरोऱ्याजवळ पिसदुरा येथें, व नागपुराजवळ टाकळी येथें, गोड्या पाण्यांतील शंखांचे अश्मीभूत अवशेष आढळतात.

माल्कमसन यांच्या १८४० सालीं छापलेल्या निबंधांत सॉवर्बी यांनीं यांतील मुख्य शंखास ‘फायसा प्रिन्सेपी’ हें नांव दिलें. पुढें नागपूरचे मिशनरी हिस्लॉप व हंटर यांनीं १८५५ सालीं, व एकट्या हिस्लॉप यांनीं १८६० सालीं, या स्तरांचें विवेचन केलें. त्या काळीं लायेल यांची १८३३ ची पद्धति मान्य होती. स्तरांतील शंखजातींपैकीं आज हयात अशा शेंकडा सुमारें ३॥ असल्यास तो तृतीय युगाचा आरंभीचा, म्हणजे इओसीन. नव्वदांवर असल्यास अगदीं अर्वाचीन. परंतु ही गणना मुख्यत्वें सागरी शंखांची. नागपूरचे शंख गोड्या पाण्यांतले व नामशेष. त्यांस शेंकडेवारी लागू पडत नाहीं. हिस्लॉप यांनीं युरोपीय शंखांशीं साम्य पाहून हे स्तर इओसीन ठरविले. १९३४ सालीं बिरबल सहानी यांनींहि वनस्पतींच्या अवशेषांवरून तृतीय युगाचाच पक्ष घेतला.

साम्यावरचें हें अनुमान पिसदुऱ्यास डळमळतें. तेथें फायसा वर्गाचे शंख प्रचंड सरटांच्या अस्थींसह लॅमेटा स्तरांत मिळतात. त्या अस्थींवरूनच लायडेकर यांनीं १८७९ सालीं ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी’ ही जाति स्थापिली. लॅमेटा स्तर काळ्या पाषाणाखालीं, टाकळीचा त्याच्या दोन थरांमध्यें. तरी शंख एकाच घराण्याचे. जें वळण पिढ्यानुपिढ्या टिकतें त्यावरून पोथीचा शक निघत नाहीं, हें वाचक जाणतातच.

पुष्पिका अखेर काळ्या पाषाणांतच सांपडली. किरणोत्सर्गी द्रव्यांच्या ऱ्हासाच्या मापनानें त्याचा मुख्य उद्रेक सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, म्हणजे क्रिटेशस व तृतीय युगांच्या संधीवरचा, ठरला आहे. तथापि सर्व आंतरस्तर संधीच्या एकाच बाजूचे नव्हत. छिंदवाडा जिल्ह्यांतील झिलमिली येथील सूक्ष्म सागरी जीव २००९ सालीं संधीनंतरचे ठरविण्यांत आले. सबब ‘आंतरस्तर’ ही संज्ञा स्थान सांगते, वय नव्हे. वर्गीकरणांत स्थान, जाति व काल यांचे रकाने निराळेच ठेवले पाहिजेत.

पिसदुऱ्याचे अवशेष नांगरलेल्या शेतांत सुटे मिळतात. असा शंख उचलतांना गांव, शेत आणि खालचा-वरचा खडक यांची नोंद न केल्यास तो पोथींतून सुटलेल्या पानासारखा होतो: अक्षर स्वच्छ, पण ग्रंथ कोणता तें सांगतां येत नाहीं.