शर्करा-कॅल्शियम संकेतन व वनस्पतींतील रंग

पेशीतील शर्करा व कॅल्शियम आयन यांच्या संदेशांमुळे अँथोसायनिन या तांबड्या-जांभळ्या रंगद्रव्याच्या निर्मितीचे होणारे नियंत्रण (पहा: अँथोसायनिन).

द्राक्षाच्या संवर्धित पेशींत शर्करेपासून रंगद्रव्यापर्यंतची ही संदेश-साखळी कॅल्शियम व कॅल्मोड्युलिन या प्रथिनावर अवलंबून असल्याचे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. ॲराबिडॉप्सिस या मोहरीकुळातील रोपट्यात ग्लुकोज वा फ्रुक्टोजपेक्षा सुक्रोज कितीतरी प्रभावी ठरते. सुक्रोज वाढले की मिब-75 हे नियामक जनुक कार्यान्वित होते आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या विकरांची जनुके जागी होतात. कॅल्शियमचे मार्ग रोखल्यास रंग फिका पडतो. स्फुरदाच्या कमतरतेत मक्याची पाने जांभळी होतात, त्यामागेही पानात साठलेली शर्करा असते (पहा: स्फुरद).

हातकणंगले तालुक्यासारख्या ऊसपट्ट्यात याच रंगद्रव्यामुळे तांबूस दिसणारी उसाची कांडी परिचयाची आहे. को 86032 (निरा) वाणाची कांडी तांबूस-गुलाबी असते आणि पाचट काढून ऊन लागले की उसाचा रंग गडद होतो. मात्र हा रंग वाण व प्रकाशावरही ठरतो. त्यावरून गोडी जोखणे चुकीचे. उसाची पक्वता ब्रिक्स (रसातील विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) मोजून ठरवतात (पहा: ऊस).