हिंगणघाटचा कर्नल आणि देवळालीची तोफ

देवळालीचं तोफखान्याचं विद्यालय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकुलहून इकडे आलं. (काकुल आता पाकिस्तानात.) आपल्या नाशिककरांना तोफ म्हणजे दूरवरून येणारा आवाज, एवढीच ओळख. तोफखान्यात नोकरी केलेल्या आमच्या एका काकांना मी विचारलं होतं, "तोफ चालवण्यात सगळ्यात अवघड काय हो?" ते ना गोळा म्हणाले, ना दारू. म्हणाले, "आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळणं."

पटतंय ना? लक्ष्य डोंगरापलीकडे, काही किलोमीटरवर. तोफ डागणाऱ्याला ते दिसतच नाही. मग तोफेची जागा, लक्ष्याची जागा आणि उत्तर दिशा या तीन गोष्टी बिनचूक हव्यात. थोडक्यात, तोफेआधी नकाशा लागतो. म्हणूनच नकाशाशास्त्र सैन्याच्या घरात वाढलं. आपल्याकडचा सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ सालचा, आणि सैन्यातले अधिकारी पिढ्यान् पिढ्या त्याचे प्रमुख होत आले.

यातलाच एक अधिकारी आपल्या महाराष्ट्रात पुरला आहे, हे किती जणांना माहीत आहे? वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट आपल्याला कापसासाठी ठाऊक. लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी तिथेच वारला. हैदराबादहून नागपूरला निघाला होता, क्षयाने खंगला होता, वय सत्तरीच्या आसपास. तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता.

याची खरी ओळख होते ती १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत. रात्रीची वेळ, जनरल बेअर्डची तुकडी छावणीकडे परत निघालेली. लॅम्ब्टनने आकाशातले तारे पाहिले आणि सांगितलं, साहेब, आपण दक्षिणेला नाही, उत्तरेला चाललोय, थेट टिपूच्या फौजेकडे. साहेबांना पटेना. थोड्याच वेळात शत्रूची चौकी आडवी आली. मग उजेड करून होकायंत्र पाहिलं, तर लॅम्ब्टनच बरोबर!

टिपू पडला आणि म्हैसूरचा मुलूख हाती आला, तेव्हा याने मोजणीची योजना मांडली. जमिनीवर एक रेघ अगदी काटेकोर मोजायची. तिच्या दोन टोकांवरून तिसरी खूण पाहायची, कोन मोजायचे. उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा... शाळेत आपल्याला नकोशी वाटणारी त्रिकोणमिती, बस्स!

पहिली रेघ १८०२ साली मद्रासजवळ मोजली. लांबी साडेसात मैल. शंभर फुटी पोलादी साखळी जवळजवळ ४०० वेळा अंथरली. उन्हाने पोलाद वाढतं म्हणून साखळी सावलीत ठेवायची, तिचं तापमान टिपायचं. कोन मोजायचं यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. विलायतेहून येताना फ्रेंचांनी ते जहाजासकट पकडून मॉरिशसला नेलं आणि मग सौजन्याने परत पाठवलं. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटून चेपलं. दुसरा कोणी असता तर विलायतेला पत्र लिहून वाट बघत बसला असता. लॅम्ब्टनने यंत्र खोलून, ठोकून, काही आठवड्यांत स्वतःच सरळ केलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याची माणसं. मद्रासला १७९४ साली मोजणी शिकवणारी एक शाळा निघाली होती. तिथे अनाथाश्रमातली मुलं घेत. बाप गोरा सैनिक, आई इथली, त्यामुळे दोन्हीकडे परकी. या मुलांच्या हातात लॅम्ब्टनने यंत्र आणि वही दिली. त्यातला जोशुआ द पेनिंग पुढे त्याचा उजवा हात झाला. लॅम्ब्टन गेला, एव्हरेस्टने सूत्रं घेतली, पण काम थांबलं नाही. ते याच मुलांनी आणि त्यांच्या पाठोपाठ शिकून आलेल्यांनी तोलून धरलं.

१८३१ मध्ये कलकत्त्याचे राधानाथ सिकदार या खात्यात लागले. पगार महिना ३० रुपये आणि हुद्दा... 'कंप्युटर'! तेव्हा कंप्युटर म्हणजे हिशेब करणारा माणूस. जगातल्या सर्वांत उंच शिखराची २९,००२ फूट ही उंची १८५६ मध्ये जाहीर झाली, तिच्यामागे या कंप्युटर मंडळींचे हिशेब होते. मानाचं नाव मात्र एव्हरेस्टसाहेबांचं लागलं. असो.

आता माणसाच्या जागी यंत्र आलं. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सगळ्यांनाच अचूक जागा कळू लागली. २०१३ ते २०१६ या काळात इस्रोने आपल्या स्वतःच्या व्यवस्थेचे सात उपग्रह सोडले, तिला नाव दिलं 'नाविक'. पहिल्याच उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. तंजावरच्या दोराची आठवण झाली की नाही? फक्त तिथे वर जाऊन ठोकून सरळ करता येत नाही!

आणि यंत्र बंद पडलं तर निदान कळतं तरी. ते खोटं बोलू लागलं तर? युक्रेनच्या युद्धात जीपीएसचे संकेत दाबले जातात, खोटेही पाठवले जातात. पडद्यावरचा ठिपका खात्रीने एक जागा दाखवतो आणि आपण असतो भलतीकडेच. बेअर्डसाहेबांच्या तुकडीसारखे.

म्हणून हल्ली सायबर शिक्षण, सायबर सुरक्षा हे शब्द ऐकले की मला पासवर्डच्या आधी लॅम्ब्टन आठवतो. पडद्यावर दिसलेलं दुसऱ्या एखाद्या मार्गाने ताडून बघता येणं, हे त्या शिक्षणाचं पहिलं पुस्तक असायला हवं. सैनिकाला तर हवंच, पण फोनवरून पैसे पाठवणाऱ्या आपल्या आई-मावशीलाही हवं. आणि ते शिकवायला लॅम्ब्टनसारखे लोक लागतात, अनाथ पोराच्या हातात अर्ध्या टनाचं महागडं यंत्र विश्वासाने देणारे.

भाचेमंडळींसाठी एक गृहपाठ. २० अंश उत्तर अक्षांशाची रेघ आपल्या नाशिक शहरातूनच जाते. त्यामुळे सर्व्हेच्या नकाशात आपलं गाव दोन पत्रकांत विभागलेलं, काही ४६ मध्ये आणि काही ४७ मध्ये. फोनवर ती रेघ शोधा. मग रात्री गच्चीवर जाऊन उत्तरेला तोंड करा आणि हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. एक मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे दोन मुठींवर ध्रुवतारा दिसायला हवा. दिसला तर फोन खरं बोलतोय! :-)

कुणाला दिसला ते नक्की कळवा. आणि हिंगणघाटकडचं कुणी वाचत असेल, तर त्या कबरीपाशी एकदा जाऊन या.