काट्यामागची तार : मोटारीत बाहेरून बसवलेल्या मापकांचा इतिहास

#थ्रेड

१/ फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या इंजिनाची प्रकृती सांगणारे एकही मापक चालकापुढे नव्हते. पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असे. किती उरले हे पाहायचे तर खाली उतरायचे, गादी उचलायची आणि टाकीत लाकडी पट्टी बुडवायची. ऑइल पाहण्यासाठी गाडीखाली हात घालून दोन लहान तोट्या उघडाव्या लागत. पाणी उकळल्याचे मात्र आपोआप कळे. समोरून वाफेचा लोट येई.

२/ गाडी स्वस्त होती, ती अशाच काटकसरीमुळे. कारखान्याने जे दिले नाही, ते विकण्यासाठी मग एक निराळा व्यापार उभा राहिला. त्यातली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे हॅरिसन बॉइस या अमेरिकी गृहस्थाचा मोटोमीटर. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा गोल तापमापक १९१२ च्या सुमारास आला आणि पुढची दीड दशके असंख्य गाड्यांच्या नाकावर मिरवला.

३/ त्याची रचना साधी होती. काचेच्या नळीचा फुगा पाण्यात न बुडता पाण्यावरच्या वाफेत राही आणि चालक समोरच्या काचेतून लाल रेघ पाही. तार नाही, नळी नाही, पत्र्याला भोक नाही. झाकण बदलले की काम झाले. रात्री मात्र रेघ दिसणे कठीण. पुढे १९३० च्या दशकात रेडिएटरचे झाकणच बॉनेटखाली गेले आणि हे मापक वाचायची सोय उरली नाही.

४/ आता खबर चालकाच्या पुढ्यात आणायची होती. त्यासाठीचे साधन वाफेच्या युगातच तयार झाले होते. पॅरिसच्या यूजीन बुर्दाँने १८४९ साली एका चपट्या, वळवलेल्या नळीचे पेटंट घेतले. आत दाब वाढला की ही नळी सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. आगगाडीच्या बॉयलरवरचे हे तत्त्व मोटारीच्या डॅशबोर्डवर जसेच्या तसे आले.

५/ ऑइलच्या दाबासाठी इंजिनातून एक बारीक तांब्याची नळी थेट तबकडीपर्यंत नेली जाई. म्हणजे इंजिनातले गरम ऑइल, पूर्ण दाबासह, चालकाच्या गुडघ्यापाशी येऊन थांबे! नळी पत्र्याच्या कडेला घासून फुटली, तर ते पायांवर उडे. म्हणून पत्र्यातल्या भोकात रबरी कडे बसवायचे आणि नळीला एक-दोन सैल वेढे द्यायचे, हा या कामातला पहिला धडा. इंजिन थरथरते, पत्रा तितका थरथरत नाही. मधल्या नळीला लवचीकपणा हवा.

६/ विजेचीही तीच तऱ्हा. मॉडेल टीमध्ये १९१९ साली विजेचा स्टार्टर आला आणि त्याच्याबरोबर डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर आला. अ‍ॅमीटर प्रवाह मोजतो. त्यामुळे तो प्रवाह त्याच्यातूनच जावा लागतो. स्टार्टरचा भार वगळता बॅटरीत जाणारा आणि तिच्यातून येणारा सगळा प्रवाह जाड तारेने डॅशबोर्डपर्यंत येऊन परत जाई. डायनॅमो लहान होते, दिवे मंद होते, तोवर हे निभावले.

७/ याच सुमारास कारखाने उलट दिशेने निघाले. १९३० च्या दशकात हडसन कंपनीने ऑइल आणि चार्जिंग यांच्या काट्यांच्या जागी लाल दिवे दिले. पुढे बहुतेकांनी तेच केले. दिवा स्वस्त पडतो आणि तो वाचायला शिकावे लागत नाही. अमेरिकी मेकॅनिकांनी त्याला नाव ठेवले ‘मूर्खांचा दिवा’.

८/ नाव कठोर आहे, पण तक्रार खरी होती. धावत्या इंजिनात ऑइलचा दाब साधारण ४० ते ६० पौंड असतो. दिवा लागतो तो ५-७ पौंडांवर. मधल्या घसरणीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगे घासलेली असू शकतात. बैल गेला नि झोपा केला, असा हा प्रकार.

९/ म्हणून ज्यांना इंजिनाचा कस पाहायचा होता, त्यांनी स्वतःची मापके आणली. कॅलिफोर्नियाच्या म्युरॉक या कोरड्या सरोवराच्या पात्रात जुन्या फोर्ड गाड्या पळवणाऱ्या तरुणांनी १९३७ साली आपली संघटना बांधली. शिकागोच्या स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीच्या तबकड्या त्यांच्या पंथात मानाच्या ठरल्या. महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या विमानांची मापकेही काहींनी डॅशबोर्डवर चढवली.

१०/ विजेवर चालणाऱ्या मापकांनी नळीची जोखीम संपवली. इंजिनावर एक ‘सेंडर’ बसतो. दाब किंवा तापमान बदलले की त्याचा विद्युतरोध बदलतो. डॅशबोर्डवर ऑइल येत नाही, फक्त त्याची बातमी येते. पण बातमी खोटीही असू शकते.

११/ उदाहरण पेट्रोलच्या काट्याचे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून जनरल मोटर्सच्या टाकीतला सेंडर रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम दाखवी. फोर्डचा हिशेब उलटा : रिकामी ७३, भरलेली १०. स्टुअर्ट-वॉर्नरचा रिकामी २४०, भरलेली ३३. आता जनरल मोटर्सच्या टाकीला स्टुअर्ट-वॉर्नरची तबकडी जोडा. टाकी ठणठणीत कोरडी झाली की काटा ‘भरलेली’च्याही पलीकडे जाऊन बसेल. वायरिंग निर्दोष, तबकडी नवी, आणि गाडी आडरानात बंद.

१२/ दुसरा घोटाळा आट्यांचा. बहुतेक एकतारी सेंडरांचा परतीचा मार्ग त्यांच्या आट्यांमधून इंजिनाच्या धातूत जातो. गळती थांबवायला आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी भरपूर गुंडाळली, तर तो मार्गच बिघडतो आणि काटा मनाला येईल ते सांगतो. टॅकोमीटर कॉइलवरचे स्पंद मोजतो. आठ सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला चार ठिणग्या पडतात, चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन. कळ आठवर राहिली आणि इंजिन चारचे असले, तर ६,००० फेरे असताना काटा ३,००० दाखवणार.

१३/ पण खरे संकट जुन्या अ‍ॅमीटरनेच आणले. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलिअंट या गाडीत डायनॅमोऐवजी ऑल्टरनेटर दिला, पुढच्या वर्षी इतर गाड्यांत. प्रवाह वाढत गेला, मार्ग मात्र तोच : पत्र्यातल्या जोडातून आत, अ‍ॅमीटरमधून फिरून पुन्हा बाहेर. वर्षे सरली, जोड गंजले, तापले, काही वितळले. या मार्गावर घरच्या घरी बारीक तारेने अ‍ॅमीटर बसवणे म्हणजे डॅशबोर्डमागे शेगडी ठेवणेच.

१४/ उपाय निघाला तो व्होल्टमीटरच्या रूपाने. तो प्रवाहाच्या वाटेत उभा राहत नाही, बाजूने डोकावतो. त्याला बारीक तार आणि लहान फ्यूज पुरतो. इग्निशनवर जोडला की रात्री बॅटरी खात नाही. इंजिन बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असता १४ च्या आसपास : चार्जिंगची प्रकृती एवढ्यावरून समजते. हा बदल व्हायला इतकी दशके लागावीत, याचे आश्चर्य वाटते.

१५/ पेट्रोलच्या दाबाबाबत मात्र शहाणपण आधी आले. पेट्रोलची नळी आत आणू नये, म्हणून शर्यतवाले ते मापक काचेबाहेर, बॉनेटच्या मागच्या कडेला बसवत. १९६७ साली पाँटिअ‍ॅकने टॅकोमीटरच बॉनेटवर दिला, तो मुख्यतः दिमाखासाठी. बॉइस साहेबांचा मोटोमीटर जणू मागे सरकून परत आला.

१६/ आणि काटा असला म्हणजे तो खरेच मोजतो असेही नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर माझ्दाने एमएक्स-५ मधला खरा ऑइल-मापक काढून त्याच्या जागी असा काटा दिला, जो प्रत्यक्षात साध्या स्विचवर चालतो : दाब किमान मर्यादेच्या वर असला की मधोमध, नसला की खाली. म्हणजे काट्याच्या वेषातला दिवा.

१७/ १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना निदानासाठी एकच प्रमाणित जोड सक्तीचा झाला. तिथे लहान यंत्र लावले की पाण्याचे तापमान, फेरे, वेग हे सारे पडद्यावर दिसते. भोक नको, सेंडर नको. ऑइलचा दाब मात्र त्या मूळ प्रमाणित यादीत नाही. तो पाहायचा, तर आजही ऑइलच्या मार्गावर पितळी ‘टी’ बसवून, सेंडर आवळून, रबरी कड्यातून एक तार आत ओढावी लागते.