बाबांच्या सायकलचा बिल्ला

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पेटीत बाबांच्या सायकलचा बिल्ला सापडला. पत्र्याचा, अंगठ्याएवढा. आकडा घासून गेलाय. मुलाला दाखवला तर म्हणे, "हे काय आहे बाप्पा?"

आताच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही, पण सायकलवर कर होता. नगरपालिका वर्षाचे पैसे घ्यायची आणि बिल्ला द्यायची. ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्यातही सायकल आणि बैलगाडीवर कर लावायची सोय आहे. बाजाराच्या दिवशी बिना बिल्ल्याचा माणूस सापडला की हवा गेलीच समजा.

सायकल आपल्याकडे आली ती साहेबाची चैन म्हणून. बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं. डनलॉपचा हवेचा टायर त्याच वर्षीचा. याच घराण्याच्या कारखान्यातून पुढे लोखंडी नांगर निघाला, म्हणजे शेतकऱ्याच्या नांगराचं मूळ एका सायकलच्या दुकानात आहे! स्वातंत्र्यानंतर मद्रासला हर्क्युलस, सोनीपतला ॲटलस (1951), लुधियान्याला हीरो (1956) देशातच बनू लागल्या आणि मग कुठं आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यांत मास्तर, पोस्टमन, दूधवाला यांच्या बुडाखाली सायकल आली.

बाबा मास्तर. चोवीस इंची काळी ॲटलस, रोजचे जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. उन्हाळ्यात काही नाही, पण पावसाळ्यात आपली काळी माती! चाक आणि मडगार्डच्या मध्ये गारा असा बसायचा की चाक फिरतच नसे. बाबा कॅरिअरला तुराटीची काडी खोचून ठेवायचे, दर शे-दोनशे पावलांवर उतरून माती काढायचे. मिरगानंतर तर मागचं मडगार्डच काढून ठेवायचे. तरी नाल्याजवळ सायकल खांद्यावरच. म्हणायचे, "चार महिने ती मले नेते, दोन महिने मी तिले नेतो."

आमचं शिक्षण भाड्याच्या हाफ सायकलवर, तासाच्या हिशेबानं. आधी कैची, मग दांडीवर, मग सीटवर. गुडघे फुटले ते वेगळंच. दूधवाल्या काकांची डबल दांडीची होती, दोन्हीकडं कॅन, चढावर उभं राहून मारायचे. ताईची बिनदांडीची. प्रत्येक सायकलची चाल वेगळी असते हे मला तेव्हाच कळलं. आता साठीला टेकल्यावर गियरची घेतलीय. रविवारी पहाटे निघतो, पदमतीर्थाला चक्कर मारून येतो. चढ लोण्यासारखा जातो, खोटं कशाला बोलू. पण बाभळीचा काटा लागला की गियर काय कामाचे! बाबांच्या ॲटलसला असले लाड नव्हते.

बाबांची एक गोष्ट मात्र सारखी आठवते. शाळेच्या वाटेवर एका पुलाजवळ मोठा गड्डा पडला होता. बाबा सरळ कचेरीत गेले, बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कर घेता, मंग हा गड्डा कोणाचा?" आठ दिवसांत मुरूम पडला.

आता कर गेला, बिल्ला गेला. सायकली गेल्या नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. माझ्या चुलतभावाच्या मुलीलाही मिळाली. शाळा चार किलोमीटर. वर्षभर पोरगी मजेत गेली. मग रस्ता चौपदरी झाला. मधे दुभाजक, वळायची जागा पार लांब, म्हणून पोरी कडेनं उलट्या दिशेनं येतात आणि समोरून ट्रक. एक दिवस हँडलला आरसा घासून गेला. त्या दिवशी तिच्या आईनं सायकल भिंतीला लावली. परवा गेलो तर तिच्या सीटवर सोयाबीनचं पोतं होतं. पोरगी ऑटोत कोंबून जाते. ज्या दिवशी ऑटोचे पैसे नसतात त्या दिवशी शाळा नाही.

मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. त्यावर सायकलला बंदी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तिथं कोण शहाणा सायकल घालेल? मी बोलतोय शाळेच्या रस्त्याबद्दल. चार हात रुंदीची कडेची पट्टी आणि शाळेजवळ ओलांडायला जागा, एवढंच.

हेच लिहून अर्ज घेऊन गेलो होतो. साहेब चांगले बोलले, चहा दिला. मग विचारलं, "काका, या रस्त्यानं सायकलवाले किती जातात?" माझ्याकडं आकडा नव्हता. बाबांच्या बिल्ल्यावर निदान तो तरी होता.

येत्या सोमवारपासून आठवडाभर सकाळी साडेनऊ ते अकरा मी फाट्यावर उभा राहून सायकली मोजणार आहे. उलट्या बाजूनं येणाऱ्या वेगळ्या. जवळपासच्या दोन-चार जणांना जमत असेल तर या, वही-पेन मी आणतो.