निरक्षर हातांतील आरोग्य

सोनारीचा काळभैरवनाथ परंडा तालुक्याबाहेरच्याही अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. याच कोरडवाहू मुलखातून उत्तरेकडे, धाराशिव जिल्ह्याची हद्द ओलांडून गेले, की जामखेड लागते. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली त्या परिसरात हजारी १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. हगवण, धनुर्वात, उपासमार ही त्यामागची कारणे. त्यांपैकी एकालाही शस्त्रक्रियागृह लागत नव्हते. म्हणून आरोळ्यांनी प्रथम शिकलेल्या परिचारिका गावोगावी नेमल्या. तो बेत फसला. परगावच्या त्या मुलींना खेड्यात एकट्याने राहणे जड गेले आणि गावच्या बायकांनाही त्या परक्याच वाटल्या. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले.

निवडून आल्या त्यांतील बहुतेक प्रौढ व निरक्षर होत्या. कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, निरनिराळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवत, एकत्र निजत. नाळ निर्जंतुक पात्याने का कापावी, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, मुलाचे वजन कसे घ्यावे, हे सारे गाण्यांतून, चित्रांतून आणि गप्पांतून शिकत. गावी जाऊन ते करून पाहात आणि पुढल्या खेपेस अडचणी घेऊन परतत. ज्या घरांत त्यांना उंबरठ्याबाहेर उभे करीत, त्याच घरांतून अडल्या बाळंतिणीसाठी त्यांना बोलावणे येऊ लागले. मला वाटते, आरोळ्यांच्या कार्याचे खरे मर्म येथेच आहे. औषधे सरकारही वाटीत होते!

१९७६ पर्यंत अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ५२ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या ग्रंथात जामखेडला स्थान दिले; १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार आला. डॉ. मेबल १९९९ साली, तर डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले.

दरम्यान भारत सरकारने १९७७ साली गावोगावी जनआरोग्य रक्षक नेमण्यास प्रारंभ केला. पण निवडले गेले बहुतांशी पुरुष. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आल्या, त्या मात्र स्त्रियाच. त्यांच्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. जामखेडच्या त्या पहिल्या बायकांपैकी किती जणी या अटीत बसल्या असत्या?