‘ॲप’मधला ॲ

‘ॲप’ हा शब्द तुम्ही दिवसातून कितीदा वाचता? त्यातल्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली एप्रिल २००८ मध्ये. आयफोनचं ॲप स्टोअर सुरू झालं त्याच वर्षीच्या जुलैत. अक्षर जेमतेम तीन महिने आधी पोचलं म्हणायचं! त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढवायचे आणि काम भागवायचे. आजही कुणी तसं लिहिलं तर डोळ्यांना फरक दिसत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात, म्हणून साधा शोध घेतला तर एक सापडतो आणि दुसरा निसटतो.

कारण संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. ‘क’चा आकडा २३२५. हा आकडा जगभर सगळ्यांनी एकच मानायचा, एवढंच युनिकोडचं म्हणणं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. पण मराठी छपाईच्या दुकानांत पुढची अनेक वर्षं वेगळाच कारभार चालू होता. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी आकार बसवायचे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं की संगणक साठवायचा ई, जे, के, बी, एच. दुसऱ्या फॉन्टमध्ये खुर्च्यांचा क्रम दुसराच. कागदावर छापायचं असेल तर यात काहीच अडत नव्हतं. पुस्तकं निघाली, दिवाळी अंक निघाले, लग्नपत्रिका निघाल्या. अडलं ते इंटरनेट आल्यावर. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर त्याला दिसायची इंग्रजी अक्षरांची खिचडी.

विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आणि ‘मंगल’ हा फॉन्ट आला. पण विंडोज एक्सपीवरसुद्धा सेटिंग्जमध्ये शिरून एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग संगणक मूळ सीडी मागे. सायबर कॅफेत ती कोण देणार? ही कोंडी फोडली छोट्या, फुकट साधनांनी. मूळचं कन्नडसाठी केलेलं ‘बरहा’, मराठी माणसाने केलेलं ‘गमभन’. रोमन अक्षरं बडवायची, समोर मराठी उमटायचं. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, ‘मनोगत’सारखी संकेतस्थळं बहरली, आणि परदेशात बसलेली माणसं रात्री जागून मराठीत वाद घालू लागली.

इथे आपल्या भाषेने एक सोय करून ठेवली आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत. आपल्याकडे ‘फुकट’ वेगळं आणि ‘मुक्त’ वेगळं. बरहा फुकट होतं, पण पुढे त्याला पैसे पडू लागले. ‘लोहित’ हा फॉन्ट मुक्त आहे, म्हणजे तो उघडून, दुरुस्त करून पुन्हा वाटण्याचा हक्क कुणालाही आहे. फुकट वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. मुक्त वस्तू मूळ करणारा निघून गेला तरी दुसरा कुणी पुढे नेऊ शकतो.

हे सगळं मला नीट कळलं ते आत्याच्या आठवणींमुळे. तिने मुळशीकडच्या बालपणाबद्दल चाळीसेक पानं लिहिली होती. २००१ मध्ये ती एका दुकानात टाइप करून घेतली. वही पुढे हरवली, फाइल उरली. उघडली तर खिचडी! इंटरनेटवरच्या एका फुकट परिवर्तकात मजकूर टाकला आणि क्षणात मराठी झाली. फक्त आत्याच्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या. सह्याद्रीतल्या मुलीच्या आठवणींत पानोपानी समुद्र!

त्या आडव्या ‘ऱ्’ची युनिकोडमधली गोष्टही गंमतशीर आहे. तो मिळतो ‘ऱ’ या अक्षरापासून, आणि ते अक्षर तिथे आहे ते द्राविडी भाषांमधला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून. त्या अक्षराचं अर्धं रूप मराठीच्या कामी आलं. तो बारकावा माझ्या परिवर्तकाला ठाऊक नव्हता.

तुमच्या घरीही अशी एखादी फाइल असेल. आजोबांचं आत्मचरित्र, बंद पडलेल्या मासिकाचे अंक, मंडळाची स्मरणिका. ज्या फॉन्टमध्ये ती टाइप केली तो अजून कुणाकडे असेल, तोवरच ती युनिकोडमध्ये आणा. मग ऱ्य, ऱ्ह, पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. मूळ फाइलही जपून ठेवा. आणि यापुढे काही छापून घ्याल तेव्हा पीडीएफवर समाधान मानू नका, युनिकोडमधला मजकूर मागून घ्या.

मला आत्याच्या सगळ्या दऱ्या एकेक करून दुरुस्त करायला दोन रविवार लागले. आता फोनवर ‘दऱ्या’ शोधलं की तिचं गाव सापडतं.