रेसगनची कुळकथा

प्रॅक्टिकल शूटिंगच्या ‘ओपन’ गटातलं पिस्तूल पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विचित्रच वाटतं. नळीच्या टोकाला भोकं पाडलेला ठोकळा, वर काचेत लाल ठिपका दाखवणारा ‘रेड डॉट’, दस्त्याखाली नरसाळ्यासारखं तोंड आणि त्यातून बाहेर आलेलं लांब मॅगझिन. नेमबाज याला रेसगन म्हणतात. यातला एकही अवयव शोभेचा नाही. प्रत्येकाच्या मुळाशी गुणमोजणीचा एखादा नियम आहे.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंगचं .45 पिस्तूल. मार्च 1911 मध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत त्यातून 6,000 गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडलं नाही. त्याच महिन्यात ते सैन्यात दाखल झालं आणि सालावरूनच ‘नाइन्टीन-इलेव्हन’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मॅगझिनमध्ये काडतुसं फक्त सात. पण चाप सरळ रेषेत मागे सरकणारा. कुशल कारागिराच्या हाती तो हलका आणि नेमका होतो. स्पर्धकांना हे पिस्तूल पुढे इतकं मानवलं ते मुख्यतः या चापामुळे.

प्रॅक्टिकल शूटिंगच्या खेळाची सुरुवात मात्र 1950 च्या दशकातली, कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेकची. मरीन दलातले माजी अधिकारी जेफ कूपर तिथे होल्स्टरमधून पिस्तूल उपसून झटपट नेम साधण्याच्या स्पर्धा भरवत. पिस्तुलाची नेमबाजी म्हणजे एका हाताने, स्थिर उभं राहून, ही तोवरची रीत. ऑलिंपिक प्रकारांत आजही तीच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते एकाच हाताच्या नेमाने. बिग बेअरला कुणावर अशी सक्ती नव्हती. लॉस एंजेलिस काउंटीचे डेप्युटी शेरीफ जॅक वीव्हर दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरून डोळ्यांच्या रेषेत आणत. कमरेपासूनच गोळी झाडणाऱ्यांपेक्षा त्यांना क्षणभर उशीर होई, पण त्यांची गोळी लागे. ते जिंकू लागले, तेव्हा कूपर यांच्यासह बाकीच्यांनीही दोन हातांची पकड उचलली.

मे 1976 मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया शहरात या खेळाची जागतिक संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. कूपर पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, ताकद आणि वेग ही तीन तत्त्वं ठरली आणि तिन्हींना आकड्यांत बसवणारी गुणपद्धत रुजली. लक्ष्यावरचे गुण भागिले लागलेले सेकंद म्हणजे ‘हिट फॅक्टर’. 60 गुण 6 सेकंदांत मिळवले तर 10. तेच 56 गुण 5 सेकंदांत मिळवले तर 11.2. चार गुण गमावणारा इथे पुढे जातो.

ताकदीचा हिशेब वेगळा. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला किती फूट हा वेग, भागिले हजार: हा ‘पॉवर फॅक्टर’. आजच्या नियमांत ‘स्टँडर्ड’ गटात 170 आणि ‘ओपन’मध्ये 160 गाठला की काडतूस ‘मेजर’ ठरतं; 125 पासून त्याखालचं ‘मायनर’. लक्ष्याच्या मधल्या ‘ए’ भागाचे दोघांनाही 5 गुण, ‘सी’चे मेजरला 4, मायनरला 3, ‘डी’चे 2 आणि 1. म्हणजे जरा चुकलेल्या नेमाची भरपाई ताकद करून देते. त्या बदल्यात झटका सोसावा लागतो.

हा झटका कमी कसा करायचा, या प्रश्नातून रेसगन जन्मली. .45 ची 230 ग्रेनची गोळी 740 फुटांच्या वेगाने 170 गाठते. 124 ग्रेनची हलकी गोळी 1,300 फुटांनी सोडली तर 161 होतात. तिला दारू जास्त लागते, वायूही जास्त निघतो. नळीच्या टोकाचा भोकांचा ठोकळा, म्हणजे कॉम्पेन्सेटर, तो वायू वर फेकतो आणि उसळू पाहणारी नळी खाली दाबली जाते. 1980 च्या दशकात रॉब लेदम आणि ब्रायन एनोस यांनी .38 सुपर काडतूस घेऊन हे गणित मैदानावर सिद्ध केलं. 1990 मध्ये ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत डग कोनिग रेड डॉट लावून जिंकले. मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य यांपैकी डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहतो. रेड डॉटमुळे नजर लक्ष्यावरच ठेवता येते. पुढे व्हर्जिल ट्रिप आणि सँडी स्ट्रेयर यांनी 1911 ची चौकट दुभागली: वर पोलादी भाग, खाली पॉलिमरचा दस्ता. त्यात काडतुसांच्या दोन ओळींचं मॅगझिन मावलं.

ट्यूनिंग किती नाजूक असतं, ते रिकॉइल स्प्रिंगमध्ये दिसतं. बार उडाला की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवं काडतूस नळीत भरते. कॉम्पेन्सेटर असला की स्लाइडला मिळणारा जोर घटतो, म्हणून स्प्रिंग हलकी करतात. ती गरजेपेक्षा कडक राहिली तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच अडकते. फार सैल झाली तर स्लाइड मागे आदळत राहते आणि पुढे येताना तिचा जोर कमी पडतो. चापाचं काम त्याहून जोखमीचं: घोडा अडवणारी कड गरजेपेक्षा जास्त घासली तर पिस्तूल आपोआप उडू शकतं. हे काम जाणत्या गनस्मिथचंच.

अवयव वाढले तसा खर्चही वाढला आणि सामान्य स्पर्धक मागे पडू लागला. त्यावर संघटनेने वेगवेगळे गट हा उपाय काढला. ‘प्रॉडक्शन’ गटात कारखान्यातून येणारी पिस्तुलं, सगळ्यांना मायनरचेच गुण आणि मॅगझिनमध्ये 15 काडतुसांची मर्यादा. माझ्या मते या खेळातली ही सर्वांत शहाणी सुधारणा आहे, कारण तिने निकाल पुन्हा नेमबाजाच्या हाती दिला.

नवख्याने म्हणून आधी गट ठरवावा, मग हाताच्या मापाचं पिस्तूल घ्यावं, ते आपल्या काडतुसांवर न अडता चालतं याची खात्री करावी आणि चाप हलका करण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. फेरी सुरू असताना पिस्तूल अडलं तर घड्याळ थांबत नाही आणि फेरीही पुन्हा मिळत नाही.